कल्चरचे अठ्ठेचाळीस तास

नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला म्हणजे त्याला ताप येईलच असं नाही. मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, अंग तापतं. किलोभर वजनाचं बाळ उलट गार पडतं. सकाळपर्यंत पचणारं दूध पोटात तसंच राहतं, रंग मळकट दिसू लागतो, मध्येच श्वास थांबतो. पुष्कळदा यातलं काहीच ठळक नसतं आणि रात्रपाळीची सिस्टर फक्त एवढंच म्हणते, "मॅडम, हे बाळ मला आज बरोबर वाटत नाहीये." आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, या वाक्याला मी मॉनिटरवरच्या आकड्याइतकाच मान देते.

मग कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवायचं. त्यासाठी एक मिलिलिटर रक्त लागतं. किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते १०० मिलिलिटर रक्त असतं, त्यामुळे तेवढंही जपून घ्यावं लागतं. आणि त्याहून कमी घेतलं तर जंतू असूनही बाटलीत सापडत नाहीत. त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यायची, नाहीतर कातडीवरचेच जंतू बाटलीत उतरतात आणि नसलेल्या आजारावर बाळाला आठवडाभर इंजेक्शनं खावी लागतात. बाटली प्रयोगशाळेतल्या यंत्रात जाते. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, यंत्राला तो कळतो आणि इशारा मिळतो. खरा संसर्ग असला तर बहुतेक बाटल्यांचा निकाल ४८ तासांच्या आत लागतो. बाळाला मात्र तेवढी उसंत नसते. म्हणून रक्त काढलं की लगेच अँटिबायोटिक सुरू करतो, जंतू कोणता हे माहीत नसतानाच.

दोन दिवसांनी रिपोर्ट येतो. जंतूचं नाव, खाली औषधांची यादी आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर असं नाव वर दिसलं की खाली काय असणार याचा अंदाज हल्ली रेसिडेंट डॉक्टरांनाही येतो. ओळीने 'आर', आणि तळाशी कोलिस्टिनपुढे एखादा 'एस'.

दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांनी २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांहून अधिक नवजात बाळांचा अभ्यास केला. २०१६ मध्ये तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. शंभरातल्या सुमारे १४ बाळांना सेप्सिस, म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग, झाला होता. सापडलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर सर्वांत पुढे होता आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. क्लेब्सिएलात हेच प्रमाण ५४ टक्के. पण मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते. दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत झाले होते. पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात की इतक्या लवकर होणारा संसर्ग आईकडून येतो. आपल्याकडे पहिल्या तीन दिवसांतच रुग्णालयातले जंतू बाळाच्या रक्तात सापडतात. म्हणजे प्रसूतिगृहात, बाळाला गुंडाळलेल्या कापडात, सक्शनच्या नळीत, बाळ उचलणाऱ्या हातांत ते आधीच हजर असतात.

औषधांना टक्कर देण्याची ही ताकद जंतूंना कुठून मिळते? काही जंतूंकडे ती मूळचीच असते, पण रुग्णालयात ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. जंतूच्या मुख्य गुणसूत्राशिवाय त्याच्या पेशीत डीएनएची छोटी वेटोळी असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. शेजारणीने शेजारणीला विरजण द्यावं, तसं एक जंतू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, प्लाझ्मिडची प्रत देतो, आणि देणाऱ्याचं काही कमी होत नाही. एका प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांना निकामी करणारी जनुकं एकत्र असू शकतात. मेरोपेनेमसारखं औषध, जे आम्ही शेवटी शेवटी वापरायचो, ते फोडून टाकणारं एनडीएम (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे विकर याच मार्गाने पसरलं. २०१० मध्ये त्याच्या नावात दिल्ली का, यावरून देशात मोठा वाद झाला. तो सगळा जोर वॉर्डातल्या नळांकडे आणि बेसिनांकडे वळायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटत होतं.

मेरोपेनेम गेलं की उरतं कोलिस्टिन. १९४०च्या दशकाच्या अखेरीला जपानमध्ये सापडलेलं हे औषध मूत्रपिंड आणि मज्जातंतूंना इजा करतं म्हणून १९७०च्या दशकात जवळजवळ बाजूला पडलं होतं. दुसरं काही चालेना म्हणून ते परत आणावं लागलं. त्याच काळात ते कोंबड्यांच्या खाद्यातही वाढीसाठी घातलं जात होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्राण्यांसाठी त्याचा वापर बंद केला. किलोभराच्या बाळाला ते किती द्यायचं याचा पक्का आधार आजही फार तोकडा आहे, कारण नवी-जुनी बहुतेक अँटिबायोटिक्स आधी मोठ्यांवर तपासली जातात. आता दक्षिण आफ्रिका आणि केनियात सुरू झालेल्या 'निओसेप-१' या चाचणीत फॉस्फोमायसिन, फ्लोमोक्सेफ अशी जुनीच औषधं नवजात बाळांसाठी नव्या जोड्यांत तपासली जात आहेत. तिच्याकडे आम्ही सगळे डोळे लावून आहोत.

इथे मला गडचिरोलीची आठवण होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत महिलांना शिकवलं, घरी जन्मलेल्या बाळाचा सेप्सिस ओळखायला आणि आई-वडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्सॅझोलचं औषध द्यायला. घरोघरच्या नवजात बालसेवेतला तो एक भाग होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. जेंटामायसिन आजही अगदी स्वस्त औषध आहे. पण आमच्या रिपोर्टांवर त्याच्यापुढे बहुधा 'आर' असतो. गावातल्या घरात जे औषध जीव वाचवत होतं, ते शहरातल्या काचेच्या पेटीत चालत नाही. फरक जंतूंच्या पत्त्याचा आहे. हे जंतू आमच्या विभागात राहतात, तिथेच औषधं खाऊन तगडे होतात, आणि बाळ त्यांच्याकडे येतं.

ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे मॉनिटरच्या बटणावर किंवा वॉर्मरच्या कडेवर, आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. क्लेब्सिएलाला ओल आवडते: बेसिनचा पाइप, ह्युमिडिफायरमधलं पाणी, सकाळी उघडून संध्याकाळपर्यंत वापरलेली सलाइनची बाटली. सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, तोंड पंधरा सेकंद घासून पुसायचं असतं, प्रत्येक वेळी. सॅनिटायझर हातावर वीस ते तीस सेकंद चोळायचं असतं, एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना, प्रत्येक वेळी. यातलं काहीच अवघड नाही. पण एका सिस्टरकडे सहा-सात बाळं असली, त्यात दोन व्हेंटिलेटरवर, आणि एकाच वेळी तीन अलार्म वाजू लागले, तर ते वीस सेकंद ती कुठून आणणार? जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच वॉर्मरखाली दोन बाळं ठेवण्याची पाळी येते, तिथे तर हात धुण्याचे तक्ते भिंतीवर लावून काहीही होणार नाही. माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते: नव्या महागड्या अँटिबायोटिकपेक्षा दोन जास्तीच्या सिस्टर जास्त बाळं वाचवतात. प्रशासनाकडे औषधासाठी पैसे मागितले तर फाइल पुढे सरकते, सिस्टरची पदं मागितली तर ती वर्षानुवर्षं पडून राहते.

आणखी एक उपाय आपल्या मुंबईतच फार पूर्वी करून दाखवलेला आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी वरच्या दुधाला फाटा देऊन आईच्या दुधाचा आग्रह धरला आणि १९८९ मध्ये देशातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बाळाच्या आईला दूध कमी आहे त्याला दुसऱ्या आईचं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेलं दूध मिळू लागलं. आईचं दूध बाळाच्या आतड्याला अस्तरासारखं राखतं आणि आतड्यातून जंतू रक्तात शिरणं कठीण होतं. पुढे २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीने आईला बाळाजवळ ठेवण्याच्या विचारालाही भक्कम पुरावा दिला. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, त्यासाठी आईची खाट थेट एनआयसीयूत आणली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी घटले, सेप्सिसही कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. आईच्या अंगावरचे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करतात आणि आमच्या वॉर्डातल्या जंतूंना जागा उरत नाही, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. तरीही पुष्कळ ठिकाणी आई दाराबाहेर बाकावर बसलेली असते आणि तिला काचेतून बाळ दाखवलं जातं. संसर्ग होईल म्हणून आईला बाहेर ठेवण्याची ही पद्धत बंद व्हायला हवी.

आता त्या ४८ तासांकडे. बऱ्याच वेळा बाटलीत काहीच वाढत नाही. बाळ सावरलेलं असतं, दूध पचू लागलेलं असतं, आणि रिपोर्ट म्हणतो, वाढ नाही. अशा वेळी अँटिबायोटिक थांबवायचं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. राउंडला खाटेपाशी उभं राहून 'आज बंद करा' म्हणणं हा आमच्या कामातला सर्वांत अवघड निर्णय. सुरू करताना कुणी कारण विचारत नाही. बंद केलं आणि उद्या बाळ बिघडलं तर प्रत्येक जण विचारतो. म्हणून सात दिवस, दहा दिवस, 'कव्हर' म्हणून औषध चालू राहतं. कल्चर निगेटिव्ह असतानाही पाच किंवा त्याहून जास्त दिवस अँटिबायोटिक दिलेल्या अतिकमी वजनाच्या बाळांमध्ये आतडी सडण्याचा आजार आणि मृत्यू जास्त दिसतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं आहे. शिवाय औषध बाळाच्या आतड्यातले गरीब, कामाचे जंतू मारतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्लेब्सिएला बसतो. पुढच्या पेटीतल्या बाळाला तोच जातो. एका बाळाला गरज नसताना दिलेल्या औषधाची किंमत अशी शेजारचं बाळ मोजतं.

म्हणून आमच्याकडे केसपेपरवर अँटिबायोटिकचा कितवा दिवस हे रोज लिहिलं जातं आणि ४८ तास झाले की ज्येष्ठ डॉक्टरने ते चालू ठेवण्याचं कारण लिहायचं असतं. थांबवायला कारण लागत नाही. तरुण रेसिडेंटला यातून धीर मिळतो. थांबवण्याचा भार त्याच्या एकट्यावर राहत नाही.

नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, भारीतलं औषध द्या, पैशांचं बघू नका." कुणी दागिने मोडून आलेलं असतं. त्यांना मी खुर्ची देते आणि सांगते की या जंतूवर भारी औषध म्हणजे योग्य औषध नव्हे, आणि आज भारी वापरलं तर उद्या खरोखर गरज पडेल तेव्हा हाताशी काही उरणार नाही. बहुतेकांना हे समजतं, फक्त बसून सांगावं लागतं.

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली, आणि त्यातली दर पाचांतली एक व्यक्ती पाच वर्षांखालचं मूल होती. आपल्याकडे २०१४ पासून 'एच-१' यादीतली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय देणं आणि विक्रीची नोंद न ठेवणं बेकायदा आहे. तरी गल्लीतल्या दुकानात ती मिळतात, कारण आपण मागतो.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. घरातल्या मुलाला सर्दी-खोकला झाला तर डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका, आणि मागच्या वेळची उरलेली बाटली पुन्हा देऊ नका. बाळ एनआयसीयूत असेल तर आईला आत, बाळाजवळ बसू द्या असं आग्रहाने म्हणा. तिचं दूध, थेंबभर का असेना, बाळापर्यंत पोहोचवा. दुसऱ्या दिवशी विचारा, "कल्चर पाठवलं होतं का? काय आलं? औषध अजून लागतंय का?" आणि बाळाजवळ येणाऱ्या कुणालाही, मग तो मोठा डॉक्टर असो की मी, "आधी हात धुता का?" असं विचारायला संकोच करू नका. आम्हाला राग येणार नाही, आणि कुणाला आलाच तरी विचारा.