खाऱ्या पाण्यातली खातेवही

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने शेवाळावर लिहिणे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे! पण हे वेड मला लागले ते जैनाबादला. २०२० च्या टाळेबंदीत मी तिथे मामांकडे अडकलो होतो. तापीकाठचे हे गाव आहूखान्यामुळे प्रसिद्ध; १६३१ साली मुमताजला प्रथम तिथेच पुरले होते. त्या जूनमध्ये मात्र घरात एकच विषय होता, लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याचा. आजीच्या मते तो देवीचा कोप होता.

वर्तमानपत्रांनी संशय घेतला तो ड्युनालिएला या खाऱ्या पाण्यातल्या हिरव्या शैवालावर. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. शैवाल आरोपातून सुटले, मी मात्र त्याच्यात गुंतलो.

या एकपेशीय जीवाला टणक पेशीभित्तिका नसते. बाहेर मीठ वाढले की तो आत ग्लिसरॉल वाढवतो आणि दोन्ही बाजू जुळवतो. आमच्या ताळेबंदापेक्षा हे काम कठीण, कारण चुकले तर जीवच जातो. कडक ऊन आणि मीठ यांत काही जाती बीटा कॅरोटीन साठवून नारिंगी होतात. ऑस्ट्रेलियात त्यासाठी त्यांची तळ्यांतून शेती चालते. तेव्हा विषय अगदीच कॉमर्सबाहेरचा नव्हे!

तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, हे आपण शाळेत मराठीतून घोकले. तिची स्वतःची डीएनएची वही असते. माणसाच्या वहीत १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके, सारे काटकसरीने लिहिलेले. ड्युनालिएला सलायनाची वही २०१० साली प्रसिद्ध झाली : अक्षरे सुमारे २८ हजार, जनुके अवघी १२! क्लॅमिडोमोनस या त्याच्या गोड्या पाण्यातल्या नातलगाचे सुमारे १६ हजारांत भागते. इथे निम्म्याहून अधिक मजकूर जनुकांच्या कामाचा नाही. त्यात इन्ट्रॉन पुष्कळ. पेशी ते आधी उतरवून घेते आणि वापरण्यापूर्वी कापून टाकते. कुठल्याही ऑडिटरने यावर लाल शेरा मारला असता. मला मात्र ही उधळपट्टी आवडते.

दहावीनंतर सायन्सची फी आणि शिकवणी अप्पांच्या दुकानाला झेपणारी नव्हती. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. गेल्या महिन्यात मी हे सारे त्यांना कानडीत सांगितले. बारा नोंदींच्या ‘लेक्का’ला एवढी जाड वही कशाला, असे त्यांनी विचारले, आणि दुकानाची फळी लावून उत्तर ऐकायला बसले.