चाकणची खानावळ आणि ठेच्याची वाटी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागावे, भोसरी-मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडावी, की थोड्या वेळात चाकण येते. पूर्वी चाकण म्हटले की कांद्या-बटाट्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग आठवे. बाजार आजही भरतो; पण भोवती मोटारींचे कारखाने उभे राहिले आहेत. जर्मनीच्या फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली इथे सुरू झाला. खानदेश, विदर्भ, बिहार, ओडिशा अशा मुलखांतली मुले इथे एका पंगतीला जेवतात.

अशाच एका खानावळीत बसलो होतो. काळ्या मसाल्याची आमटी होती. जळगावकडचा मुलगा वर ठेचा मागत होता. शेजारी ओडिशाचा नवा पोरगा. दोन घासांतच त्याचे डोळे पाण्याने भरले. तो घटाघटा पाणी प्यायला. हशा पिकला. "एवढेही सोसत नाही?" कुणी तरी म्हणाले. पोरगा ताट सारून उठला आणि उपाशीच रात्रपाळीला गेला.

मंडळी, हसण्यासारखे त्यात काय होते? मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या नेमक्या त्या मज्जातंतूंना चेतवते, जे भाजल्याची वर्दी देतात. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोज खाऊन हा दाह अंगवळणी पडतो. ती मर्दुमकी नव्हे. जर्मन माणूस मोहरीचा ठसका नाकात झेलतो, पण आपला रस्सा त्याला जड जातो. कोरियन माणसाच्या जेवणात मात्र लाल मिरची रोजची. आणि मिरची मूळची आपली तरी कुठे? ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. त्याआधी तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी होती.

तोंड पोळले तर पाण्याचा उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. दूध किंवा दही द्यावे. मिरचीचा जोर बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. ती काढली की तिखट बरेच उतरते.

खानावळीच्या मावशींनी दुसऱ्या दिवसापासून आमटी बेताची केली आणि ठेच्याची वाटी वेगळी ठेवली. ज्याला हवा त्याने घ्यावा. आपलाही मुलगा उद्या परमुलखात नोकरीला जाईल. तिथल्या ताटावर त्याला कुणी हसू नये, असे आपल्याला वाटतेच ना?