सत्तर सेंटिमीटर

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "लेन्स कशी बसवू? बिनचष्म्याचं लांबचं दिसायला हवं की जवळचं?" बहुतेक लोक लांबचं मागतात, असंही त्यांनी सांगितलं. मी आदल्या रात्री टेप घेऊन मोजून ठेवलं होतं. म्हटलं, "सत्तर सेंटिमीटर." त्यांनी कागदावरून मान वर केली. "कॉम्प्युटरचं काम फार असतं का?" मी हो म्हणालो.

ते खरं नव्हतं. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आहेत. सत्तर सेंटिमीटरवर माझा मॉनिटर आहे, आणि त्या मॉनिटरवर आठ किलोमीटर लांबचं विमान एका ठिपक्याएवढं दिसतं. तो ठिपका मला दिसेनासा झाला होता.

लढाऊ विमानांचे सिम्युलेटर मी १९९३ पासून उडवतो आहे. या छंदातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांना वाटतं की अवघड असतं ते नेम धरणं. नेम वर्षभरात बसतो. रडार आणि क्षेपणास्त्रांची बटणं दोन महिन्यांत पाठ होतात. अवघड असतं ते दिसणं, आणि एकदा दिसलेलं न हरवणं. विमान उलटं आहे, डोकं मागे वळलेलं आहे, शत्रू कॅनॉपीच्या चौकटीआड गेला आहे आणि पुढच्या दोन सेकंदांत तो कुठून बाहेर येईल हे ओळखायचं आहे. तिथे चुकलो तर बाकी सगळं कौशल्य वाया. बत्तीस वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे.

फाल्कन ३.० मी ३८६ मशीनवर, १४ इंची मॉनिटरवर उडवलं. चित्र ३२० बाय २०० पिक्सेलचं. एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरपेक्षा मोठा, त्यामुळे लांबचं विमान म्हणजे पडद्यावर पडलेला मोहरीचा दाणाच. तो कुणालाही दिसायचा. आज समोर २७ इंची फोर-के मॉनिटर आहे. त्यावरचा पिक्सेल मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाहूनही लहान. सत्तर सेंटिमीटरवरून तो अंशाच्या साठाव्या भागापेक्षा छोटा कोन करतो, आणि निरोगी डोळ्याची हद्दच साधारण तेवढी असते. चित्र जितकं सुंदर होत गेलं, तितका शत्रू बारीक होत गेला. झूम केलं की ठिपका वाढतो, पण आकाश पाइपातून बघितल्यासारखं अरुंद होतं आणि तेवढ्यात दुसरा कुणीतरी शेपटीवर येतो.

मी उडवतो ते मिग-२१ बिस. पंखांची रुंदी ७.१५ मीटर. समोरून येताना ते आठ किलोमीटरवर अंशाच्या साठाव्या भागाच्या जेमतेम तिप्पट भरतं, तेही पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर. पंख पात्यासारखे पातळ आणि धड म्हणजे नळी. मिगच्या आत बसून बाहेर बघणं त्याहून कठीण. पुढे बुलेटप्रूफ काचेची जाड चौकट, मागे उंच पाठ आणि विमानाचा कणा. मागचं बघायला कॅनॉपीच्या वर एक आरसा आहे, त्यातही थोडंच दिसतं. हाच सिम्युलेटर घेऊन एफ-१६ उडवणारे मित्र बुडबुड्यासारख्या काचेत बसून चारी दिशा बघतात. मिग सोडून ते का घेत नाहीस, असं मला नेहमी विचारतात.

कारण ओझर. वडील ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये फिटर होते. १९६४ मध्ये तो कारखाना मिग-२१ साठीच उभा राहिला. माझं लहानपण टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये, द्राक्षबागांच्या वरून जाणाऱ्या त्या आवाजाखाली गेलं. आम्हा पोरांची शर्यत असायची: आवाज आला की विमान आधी कोण दाखवतो. नवखी पोरं आवाजाच्या दिशेला बघत. तिथे विमान कधीच नसतं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, तेवढ्यात मिग पाऊण किलोमीटर पुढे गेलेलं असतं. लांबून जात असेल तर आवाजाच्या कितीतरी पुढे बघायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. सात-आठ वर्षांचा असताना मी बहुतेक वेळा पहिला बोट दाखवायचो, आणि त्या अभिमानाची चव मला अजून आठवते.

ती चव मी पुढे सिममध्ये शोधत राहिलो. आम्ही सात-आठ जण रात्री एकत्र उडतो. पुण्याचे, नाशिकचे, एक बेंगळुरूचा, एक दुबईचा. शत्रू दिसला की हेडसेटवर 'टॅली' म्हणायचं असतं. कित्येक वर्षं पहिला टॅली माझा असायचा. मी किती विमानं पाडली हे मला आठवत नाही, पण "तुम्हांला कसं दिसतं हो?" हे वाक्य कोण कधी म्हणालं ते आठवतं.

कसं दिसायचं, तेही सांगतो. नजर आकाशावरून सलग फिरवली तर काही दिसत नाही. आकाशाचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्यावर नजर थांबवायची. खऱ्या वैमानिकाची अडचण वेगळी. रिकाम्या आकाशात डोळा आपोआप मीटर-दोन मीटरवरच फोकस धरून बसतो, म्हणून तो अधूनमधून लांबच्या ढगाकडे किंवा स्वतःच्या पंखाच्या टोकाकडे बघून नजर लांबवतो. आमचा ढगही सत्तर सेंटिमीटरवर आणि शत्रूही. आम्हांला उपयोग होतो तो हालचालीचा. ठिपका एकटक बघून सापडत नाही, तो पार्श्वभूमीपेक्षा वेगळा सरकतो म्हणून सापडतो. जंगलावरून खाली जाणारं विमान तर असंच पकडावं लागतं. २००१ साली ओलेग मॅडॉक्सचं आयएल-२ स्टुर्मोविक आलं, त्यानंतर झाडांवरून घसरत जाणारे ठिपके हुडकण्यात मी एक अख्खा पावसाळा घालवला.

चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला, तिथून घसरण सुरू झाली. आमच्या टोपीवर ट्रॅकआयआरचे चमकते तुकडे असतात. डोकं वीसेक अंश वळवलं की कॉकपिटमध्ये नजर थेट मागे जाते, पण डोळे पडद्यावरच ठेवावे लागतात. म्हणजे डोकं डावीकडे, बुबुळं उजवीकडे. प्रोग्रेसिव्ह काचेत मधल्या अंतराचं दिसतं ते मधल्या अरुंद पट्टीतून. बुबुळं कडेला गेली की सगळं धूसर, आणि नेमकं मागे बघतानाच ती कडेला जातात. हे कळायला मला दोन वर्षं लागली. मग मी फक्त मॉनिटरच्या अंतराचा साधा चष्मा करून घेतला आणि पुन्हा दिसू लागलं. मग मोतीबिंदू आला. निळ्या आकाशाला चहासारखा रंग चढला आणि त्यात ठिपके विरघळले.

लेबल लावून खेळणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. शत्रूच्या डोक्यावर नाव आणि अंतर लिहून घेतलं, तर तो खेळ दिसण्याचा उरत नाही, वाचण्याचा होतो. नजर शत्रूवर खिळवून ठेवणारा फाल्कनमधला पॅडलॉक मला त्याहून बरा वाटतो, कारण पॅडलॉक लावण्याआधी शत्रू शोधावा लागतो. फाल्कन ४.० मायक्रोप्रोजने डिसेंबर १९९८ मध्ये काढलं, २००० मध्ये त्याचा सोर्स कोड बाहेर फुटला, आणि हौशी मंडळींनी त्यावर वर्षानुवर्षं काम करून आजचं बीएमएस उभं केलं. त्यात लांबचं विमान हिशेबाने थोडं मोठं काढलेलं असतं. कट्टर लोक त्याला लबाडी म्हणतात. मला ते न्याय्य वाटतं, कारण पडद्याने डोळ्यापासून जे हिरावलं, तेच ते परत देतं. ठिपका टपोरा व्हावा म्हणून मॉनिटरचं रेझोल्यूशन मुद्दाम कमी करणारे मात्र मला आवडत नाहीत. आणि तीस-चाळीस किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडून वळणारे, ज्यांनी वर्षभरात एकही शत्रू डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्याशी मला काय बोलावं ते सुचत नाही. आजचं खरं युद्ध तसंच असतं हे मान्य, पण तसं लढायला माझ्या मिगची गरज नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ पासूनची बासष्ट वर्षं. सकाळी मी ते टीव्हीवर पाहिलं. रात्री आमच्या गटाने ठरवलं, सगळ्यांनी मिगच काढायचं, आणि पुढारी मी. माझ्या जोडीला भाचा ओंकार होता, वय सतरा. त्याला दीड वर्षापूर्वी मीच हा नाद लावला. समोर एफ-५ होती, तीही मिगसारखीच चणीने लहान.

डावीकडे वर शत्रू आहे असं दुबईचा मित्र म्हणाला. मी बघितलं. काही दिसलं नाही. दोन सेकंद गेले. त्या रात्री सगळे ऐकत होते, आणि मी म्हणालो, "टॅली."

जोडीत एकाने टॅली म्हटलं की ती बाजू त्याची. दुसऱ्याने तिकडची नजर काढून उरलेलं आकाश सांभाळायचं. ओंकारने तसंच केलं. मी म्हटल्याप्रमाणे त्याने डावी बाजू माझ्यावर सोडली आणि उजवीकडे बघायला लागला. एफ-५ डावीकडूनच आलं. ओंकारचं विमान पेटलं, तो पॅराशूटने खाली आला, आणि हेडसेटवर काही क्षण कुणीच बोललं नाही. उरलेले एकेक करून परतले.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "मामा, तुला खरंच दिसलं होतं का?"

मी म्हणालो, "दिसलं होतं, मग हरवलं."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पोरगा माझ्यावर विश्वास ठेवून डावीकडे बघायचा थांबला होता, आणि मी पहिलेपण जपायला त्याला चकवलं. शिवाय तो खोटा टॅलीही पहिला नव्हता. गेलं वर्षभर माझे निम्मे टॅली दुसऱ्याने सांगितलेल्या दिशेवरून अंदाजाने ठोकलेले होते. बरेचसे खरे निघाले म्हणून कुणाला कळलं नाही.

नोव्हेंबरमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उणे दीड नंबर राहील अशी लेन्स बसवली, म्हणजे सत्तर सेंटिमीटरच्या आसपास सगळं लख्ख. दहा दिवसांनी मी मिग सुरू केलं. आकाश पुन्हा निळं होतं, आणि ईशान्येला, ढगाच्या कडेला, एक ठिपका सरकत होता. मी मुद्दाम कुणालाही न बोलावता एकटा उडत होतो. पाच मिनिटं नुसता त्याच्याकडे बघत राहिलो, तोफेच्या २०० गोळ्यांपैकी एकही उडवली नाही.

डिसेंबरात ओझरला बहिणीकडे गेलो. सकाळी ओंकार आणि मी बागेच्या बांधावर उभे होतो. सुखोईचा आवाज आला. मी सवयीने आवाजाच्या खूप पुढे बघितलं. लांबचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे उजव्या डोळ्याला निळ्या धुक्याशिवाय काही नाही, आणि डाव्यात अजून मोतीबिंदू आहे.

"तिकडे, मामा," ओंकारने बोट दाखवलं. "दिसलं?"

"नाही," मी म्हणालो. "आणि त्या रात्रीही नव्हतं दिसलं."

तो काही बोलला नाही. विमान लांब जाईपर्यंत त्याचं बोट तसंच वर होतं, मला दाखवत.

डावा डोळा फेब्रुवारीत आहे. त्याच्यासाठी मी लांबचं सांगितलं आहे.