सापाची शेकोटी

दिवाळी झाली की मावळात उन्हाला भाव येतो. चार महिने पावसाने झोडपलेला हा मुलूख. त्याला कोवळ्या उन्हाची गोडी जितकी कळते तितकी आपल्याला शहरात कळत नाही. भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या गावात सकाळी आठच्या सुमारास चक्कर मारून पाहा. घोंगडी पांघरलेले म्हातारे पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून बसलेले दिसतील. त्याच भिंतीशी एखादे वासरू अंग चोरून उभे असेल, आणि त्यांच्या पायांशी कोंबड्या पंख पसरून धुळीत लोळत असतील. पलीकडच्या दगडी गडग्यावरही एखादे जनावर ऊन खात पडलेले असते. पण ते स्वतःहून आपल्या नजरेस पडत नाही. जनावर म्हणजे साप, हे मावळातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

माणसाला चूल आहे, घोंगडी आहे. सापाला यांतले काहीच नाही. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. जी हवी ती बाहेरून घ्यावी लागते. आता तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला? तर सांगतो. हल्ली शहरातल्या काही घरांत काचेच्या पेटीत परदेशी अजगर आला आहे. कॉलेजात जाणारा मुलगा हट्ट धरतो, वडील नाही-हो करता करता हो म्हणतात आणि पहिली थंडी पडली की घरात प्रश्न उभा राहतो: याला ऊब कशाची द्यायची? दिव्याची, गादीची की दुकानात मिळणाऱ्या तापत्या दगडाची? दुकानदार सांगेल ते सांगेल. पण या प्रश्नाचे उत्तर स्वारगेटहून सुटणाऱ्या भोरच्या एस. टी.च्या वाटेवरच पसरलेले आहे.

वाटेत पहिले लागते ते कात्रज. नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली पुण्यात 72 विषारी सापांच्या संगतीत 72 तास काढले होते, हे जुन्या पुणेकरांना आठवत असेल. त्यांच्याच पुढाकाराने 1986 साली कात्रजला महानगरपालिकेचे सर्पोद्यान उभे राहिले. ‘दिसला साप की उचल काठी’ एवढेच ठाऊक असलेल्या कित्येक कुटुंबांनी घोणस आणि धामण यांतला फरक पहिल्यांदा इथे पाहिला. साप जवळून पाहण्याची ज्यांना हौस आहे, त्यांची ती इथे रीतसर भागते. कारण नाग, धामण, मांडूळ असले आपल्याकडचे साप घरी बाळगणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींचे तसे नाही. पण त्यांतल्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि त्यासाठी 2024 साली नियम निघाले आहेत. आफ्रिकेतून आलेला, घाबरला की चेंडूसारखे वेटोळे करणारा बॉल पायथन त्यांतलाच.

कात्रजचा घाट उतरून नसरापूर गाठावे, बनेश्वराच्या गर्द झाडीत घटकाभर टेकावे आणि मग वेल्ह्याचा रस्ता धरावा. या तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे. पण गाव वेल्हेच, आणि त्याच्या उशाशी तोरणा. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत उंच किल्ला, 1403 मीटरांचा. दोन्ही हातांना भाताची खाचरे, त्यांना आवरून धरणारे काळ्या दगडांचे बांध, आणि मागे राजगडाच्या माच्या. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. रंगाने काळा, म्हणून ऊन चटकन पितो. वजनाने भरीव, म्हणून प्यालेले ऊन सावकाश सोडतो. सूर्य तोरण्याआड गेल्यावर एखाद्या बांधावर हात ठेवून पाहा, सकाळची भाकरी भरून ठेवावी तशी त्याने दुपार सांभाळून ठेवलेली असते.

तोरण्याच्या पायथ्याशी खाचराच्या कडेला बसलेल्या एका म्हातारबांना मी विचारले, “बाबा, इकडं धामणी दिसतात का हो?”

“दिसत्यात की,” ते म्हणाले. “सकाळच्याला गडग्यावर ऊन खात पडती. अंग तापलं की फटीत शिरती. दुपारला सावलीला. तिला काय कुणी सांगाया लागत न्हाई, पाव्हणं.”

त्या ‘सांगाया लागत न्हाई’मध्ये साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सापाला एकच एक ऊब नको असते, त्याला निवड हवी असते. पोटात उंदीर पडला की तो पचवायला ऊब लागते. ती मिळाली नाही तर पचन मंदावते, भक्ष्य पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. तेच ऊन हद्दीबाहेर गेले तर जीव घेते. म्हणून जनावर दिवसभर हातभर इकडे, हातभर तिकडे सरकत राहते. गडग्याचा माथा तापलेला, पोट गार, आणि मधल्या फटीत या दोहोंच्या मधल्या साऱ्या पायऱ्या. वेल्ह्याच्या शेतकऱ्याने गडगा रचला तो गुरे अडवायला. सापाला मात्र त्यात हवा तसा वाडा मिळाला.

आता शहरातल्या काचेच्या पेटीकडे वळू. तिथे हा गडगा आपण उभा करायचा असतो. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसरे टोक गार, आणि दोन्हीकडे अंग लपवायला आडोसा. बॉल पायथनसाठी ऊबेकडची बाजू 31 ते 33 अंश सेल्सियस आणि गार बाजू 25 ते 27 अंश असावी. दोन्ही टोकांना तापमापक लावावेत. ‘हाताला बरे लागते’ हा अंदाज इथे कामाचा नाही. ऊब वरून मिळाली तर उत्तम, कारण सूर्य वरूनच तापवतो. त्यासाठी दिवा चालतो. पण हल्लीचे एल. ई. डी. दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ देतच नाहीत. शिवाय रात्री सापाला अंधार हवा. म्हणून उजेड न पाडता तापणारा चिनीमातीचा हीटर रात्रीला सोयीचा. दिवा असो वा हीटर, त्याला जाळीचे कुंपण हवेच. नाहीतर साप त्यालाच वेटोळे घालतो आणि भाजून निघतो. तापती गादी वापरायची तर ती पेटीच्या बाहेरून, तळाच्या तिसऱ्या हिश्श्याखालीच. तिने तळ तापतो, हवा फारशी तापत नाही. आणि तो विजेचा तापता दगड? तो दुकानातच राहू द्यावा. खालून चटका बसत असतानाही साप चटकन उठून बाजूला होत नाही, आणि असल्या दगडांवर पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात. दगड तोच काळा. पण गडग्याचा दगड सूर्य मावळला की आपोआप निवतो, विजेचा निवत नाही.

म्हणून कोणतेही साधन घ्या, त्याला थर्मोस्टॅट जोडलाच पाहिजे. ठरलेल्या अंशावर वीज तोडणारी ती डबी नसेल तर बाकीचा खर्च व्यर्थ. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, हे गृहिणींना सांगायला नकोच. थंडीतल्या अशा गुरुवारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पेटीच्या एका कडेला ठेवली की वेळ निभावते. एक मात्र कधीही करू नये: ऊन मिळावे म्हणून काचेची पेटी खिडकीत ठेवू नये. बंद मोटारीसारखी ती बघता बघता तापते, आणि आत गडग्याची फट नसते. एप्रिलात तर प्रश्न उलटाच होतो. खोलीच 36 अंशांवर गेली की ऊब नव्हे, गारवा शोधावा लागतो.

वेल्ह्याहून मागे येऊन कापूरहोळचा फाटा धरला की भाटघर ओलांडून आपण भोरला पोचतो. नीरेच्या काठचे हे जुने संस्थानी गाव. पंत सचिवांचा 1869 सालचा राजवाडा अजून तोऱ्यात उभा आहे. थोडे पुढे अंबवड्याला झुलता पूल आहे आणि नागेश्वराचे देऊळ आहे. शंकराच्या गळ्यात नाग शोभतो, तो आपल्या स्वयंपाकघरात शोभत नाही, हे मात्र भोरच्या माणसाला पुरते ठाऊक असते. भात घरात आला की उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. मण्यार तर रात्रीच हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला अशी चावते की पुष्कळदा कळतदेखील नाही. खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविष हाच उपाय. साप घरात शिरला तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. त्याला बरणीत घालून ‘थंडी वाजत असेल’ म्हणून दिव्याखाली ठेवणे ही दया नव्हे. त्याची जागा जवळच्या रानात आहे, आणि ऊब कुठे मिळते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले समजते.

सापांतही स्वतः शेकोटी होणारी एक आई आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि गार वाऱ्यात अंग थरथरवून त्यांना ऊब देते. 1966 साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीवर शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले. हवा गार होत गेली तसे तिचे आकुंचन-प्रसरण वाढत गेले. थर्मोस्टॅट वेगळा तो काय असतो?

पाळीव बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. पेटी आणणारा मुलगा तोवर नोकरीला लागेल, लग्न करील, कदाचित परदेशी जाईल. ती वीस-तीस वर्षांची ऊब मग आईवडिलांच्या गळ्यात पडते. म्हणून हो म्हणण्याआधी एका रविवारी मुलाला घेऊन वेल्ह्याला जा. गडग्यापासून दहा पावले दूर, पाय न आपटता उभे राहा. धामण दिसली तर ती उन्हातून सावलीत कशी सरकते ते त्याला शांतपणे पाहू द्या. परतताना त्याला एवढेच विचारा: हे सरकणे तिला आपल्या तीन फुटी पेटीत रोज, न चुकता देता येईल का? उत्तर त्याचे त्यालाच देऊ द्यावे.