वॉशिंग्टनचें जीर्ण निशाण

गेल्या वर्षीं चिरंजीवांकडे अमेरिकेंत चार महिने राहण्याचा योग आला. वॉशिंग्टन नगरींत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु ज्या एका वस्तूपुढें मीं सर्वांत अधिक वेळ घालविला, ती म्हणजे एक फाटकें निशाण. घरच्या मंडळींनीं थट्टा केली कीं, फाटकें वस्त्रच पाहावयाचें होतें तर सातासमुद्रांपलीकडे कशाला जावयास हवें होतें?

हें निशाण स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहाससंग्रहालयांत आहे. बाहेरच्या लख्ख उन्हांतून आंत शिरलें कीं वाट हळूहळू अंधारत जाते. डोळे सरावतांच कांचेपलीकडे, किंचित् कललेल्या विस्तीर्ण मंचावर तें निजलेलें दिसतें. समईच्या उजेडांत गाभारा दिसावा तसा मंद प्रकाश. लहान मुलें देखील तेथें आपोआप हळू बोलत होतीं.

त्याची जन्मकथा अशी. १८१३ सालीं इंग्रजांशीं युद्ध चालू असतां बाल्टिमोर बंदराच्या मॅकहेन्री किल्ल्याचा अधिकारी मेजर आर्मिस्टेड यास दुरूनही शत्रूच्या दृष्टीस पडेल असें प्रचंड निशाण हवें होतें. तें काम मेरी पिकर्सगिल या विधवा बाईनें पत्करिलें. तिची कन्या, दोन भाच्या आणि ग्रेस विशर नांवाची तेरा वर्षांची करारबद्ध कृष्णवर्णीय चाकर मुलगी अशा हातांनीं तें शिवलें गेलें. लांबी ४२ फूट, रुंदी ३० फूट. पंधरा पट्टे, पंधरा तारे, आणि एकेक तारा सुमारें दोन फुटांचा! एवढें वस्त्र पसरावयास घर अपुरें, म्हणून जवळच्या मद्याच्या कारखान्याची जमीन वापरावी लागली. बिल झालें ४०५ डॉलर ९० सेंट. गंमत अशी कीं, इंग्रजांस दाखवावयाच्या या निशाणाचें लोकरी कापड इंग्लंडचेंच होतें.

सप्टेंबर १८१४ मध्यें इंग्रजी आरमारानें किल्ल्यावर पंचवीस तास गोळ्यांचा वर्षाव केला. १४ तारखेस सकाळीं निशाण फडकतांना पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलानें जें गीत रचिलें, तें १९३१ सालीं त्या देशाचें राष्ट्रगीत ठरलें.

मला मात्र ओढ लागली ती पुढील कथेची. युद्धानंतर निशाण आर्मिस्टेडच्या घराण्यांत राहिलें, आणि घरच्यांनीं त्याचे तुकडे कापून वाटण्यास आरंभ केला. एका सैनिकाच्या विधवेनें पतीबरोबर पुरण्यासाठीं तुकडा मागितला. तिला नाहीं कोण म्हणणार? मग जुने लढवय्ये आले, प्रतिष्ठित गृहस्थ आले. एक सबंध ताराच कापला गेला. तो पुढें कोठें गेला याचा पत्ता नाहीं. ४२ फुटांचें वस्त्र आज ३४ फुटांचें उरलें आहे.

हें वाचून मला घाम फुटला. आमच्या थोरल्या घराची वांटणी झाली तेव्हां आजीच्या पैठणीचे चार भाग करण्याची सूचना माझी, आणि कात्रीही माझ्याच हातांत होती. प्रत्येक घरीं आजीची आठवण राहावी हा हेतु. आज एका घरीं पदर आहे, एका घरीं कांठ आहे, एका घरीं तर त्याची उशी झाली आहे. पैठणी मात्र कोठेंच नाहीं.

आर्मिस्टेडच्या नातवानें १९०७ सालीं निशाण संग्रहालयास प्रथम उसनें दिलें व १९१२ सालीं कायमचें अर्पण केलें. १९१४ सालीं अमेलिया फौलर या कुशल बाईनें दहा सुईकाम करणाऱ्या स्त्रियांसह त्याला लिननचें अस्तर लाविलें. सुमारें सतरा लक्ष टांके! या टांक्यांनींच तें ऐंशी वर्षें तगलें. परंतु पुढें त्या अस्तराचाच भार नाजूक लोकरीस सोसेना. १९९८ सालीं निशाण भिंतीवरून उतरविलें, आणि मग तज्ज्ञांनीं ते लक्षावधि टांके एकेक करून कापून काढले. धूळ काढावयाची तीही कोरड्या स्पंजानें टिपून. २००८ पासून तें या नव्या दालनांत आहे. उजेडानें रंग आणि धागा दोन्ही विरतात व झालेली हानि भरून येत नाहीं, म्हणून प्रकाश इतका बेताचा. हवेंतील प्राणवायूही मुद्दाम घटविलेला.

एक गोष्ट मनांत भरली. गेलेला तारा त्यांनीं पुन्हां शिवला नाहीं. पोथी नकलणारा प्रामाणिक लेखक कसरीनें खाल्लेल्या जागीं स्वतःचीं अक्षरें न घालतां ती जागा कोरी सोडतो, तसेंच हें. आमच्याकडील जीर्णोद्धार करणाऱ्यांनीं, जे जुन्या दगडावर खुशाल तैलरंग फासतात, हें अवश्य पाहावें!

घरीं परतल्यावर मीं माझा पैठणीचा तुकडा पेटींतून काढला. घडीच्या रेघेवर जर तुटूं लागली होती. धुण्याचा मोह आवरला, डांबराच्या गोळ्या दूर केल्या, आणि आम्लरहित कागद घालून तो नळीवर गुंडाळून ठेविला. तिघां चुलत भावांस पत्रें घातलीं कीं, चारही तुकडे, न शिवतां, एकदां एका चादरीवर शेजारीं शेजारीं मांडून पाहूं. दोघांचे होकार आले आहेत. तिसऱ्याच्या घरीं उशी कोणी उसवावी यावर अजून वाद चालू आहे.