संमतीचा अंगठा

मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ या १९८५ सालच्या कादंबरीत गिलियड नावाचं एक राज्य आहे. लाल झगे, भिंतीवर टांगलेली प्रेतं, सगळं अंगावर येतं. पण माझी झोप उडवली ती त्याआधीच्या एका प्रसंगाने. एका दिवसात साऱ्या बायकांची बँकखाती गोठतात, नोकऱ्या जातात, पैसा जवळच्या पुरुषाच्या नावे होतो. नायिकेचा नवरा भला माणूस आहे. तिला जवळ घेऊन तो म्हणतो, मी सांभाळीन तुला. आणि तिच्या मनात पाल चुकचुकते: याला हे फारसं खुपलेलं दिसत नाही.

या भल्या माणसाला मी आमच्या बिडकीनमध्ये रोज बघते.

आमच्याकडे औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, भाव चढले, तशी भावांना बहिणींची आठवण येऊ लागली. गाडी दारात येते. पुरणपोळीचं जेवण, साडीचोळी, मग निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तो सोडायला दुपार पुरते. “ताई, माहेर कुठं जातंय? मी हाय ना!” ताई डोळे पुसते, अंगठा टेकवते. बंदूक रोखलेली नसते कुणी.

माणसांनी कुठे ना कुठे केलेलं नाही, असं काही या कादंबरीत घालायचं नाही, ही ॲटवुड यांची अट होती. गिलियडमध्ये बाईची किंमत तिच्या गर्भाशयावर ठरते. गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात ते कामात अडथळा ठरलं. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात. पाळीत पोट धरून बसलं की खाडा, खाडा पडला की पैसे कापले. फडाजवळच्या पालात न्हाणी नाही, संडास नाही. वर कुणी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. ‘पिशवी काढली,’ असं त्या सांगतात, पुन्हा मोळी डोक्यावर घेतात.

दवाखान्याच्या त्या कागदावरही अंगठा असतोच. म्हणून कुणी बाईची संमती पुढे केली की माझं डोकं तडकतं. नाही म्हटलं तर तिचं काय होईल, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं असतं?

आमच्या गल्लीतल्या एकीने हक्कसोडपत्राला नाही म्हटलं. पंचमीला तिला न्यायला कुणी आलं नाही. भाच्याच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही. ती तलाठ्याकडे खेटे घालत राहिली, फेरफार झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं. भाऊ अजून बोलत नाही. एकटीच्या हिमतीवर तिने यंदा तिथे तूर पेरली आहे, आणि बांधाची मोजणी मागितली आहे.