खोडवा

फेब्रुवारी सरता सरता रस्त्याकडेचा ऊस तुटतो आणि गाव एकदम उघडं पडल्यासारखं वाटतं. वर्ष-दीड वर्ष उसाआड दडलेली विहीर, कुणाचं तरी घर, लांबचा बांध, सगळं सकाळी समोर. टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. मागे पाचट, बुडखे आणि बगळे.

नेमका त्याच सुमाराला राखेचा बुधवार येतो आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार त्यात मोजत नाहीत. येशू चाळीस दिवस अरण्यात राहिला, त्याची ही आठवण. बारामतीला असताना हा काळ मला फार आवडायचा. घरोघरी प्रार्थना, ना. वा. टिळकांची गाणी, पेटी, नंतर चहा. अरण्याची आठवण आम्ही माणसांच्या गर्दीत काढायचो, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

मग बदली झाली. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात शाळा मिळाली. मुलांच्या शिक्षणासाठी घर बारामतीलाच ठेवलं आणि मी एक खोली घेऊन राहिलो. गावात दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. कुणी वाईट वागलं असं मुळीच नाही, उलट सणासुदीला ताट यायचं. पण संध्याकाळी शाळा सुटली की माझ्या गीताला दुसरा सूर नव्हता आणि प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणणारं कुणी नव्हतं. रविवारची एसटी चुकली की उपासनाही चुकायची.

मी एकट्यानेच मोठ्याने प्रार्थना करू लागलो. आठवड्याभराने घरमालकीण मावशींनी विचारलं, “गुरुजी, रातच्याला कुनाशी बोलत असता?”

“देवाशी, मावशी.”

“आन् त्यो काय म्हनतो?”

त्यांनी चेष्टेने विचारलं नव्हतं. मला मात्र उत्तर देता आलं नाही. चाळिशी उलटेपर्यंत मी देवाशी बोलत होतो. त्याला बोलायला मधे जागा ठेवली होती असं काही आठवेना.

त्या रात्री दार लावून गप्प बसून पाहिलं. पाच मिनिटंही जमलं नाही. शांततेत आधी देव भेटत नाही, आधी आपलीच बडबड भेटते. शाळेतला अपमान, भावाशी राहिलेला हिशेब, कुणाला काय सुनवायला हवं होतं ते. महिना दीड महिना हेच चाललं. याला आत्मिक वाढ म्हणतात असं मला कुणी सांगितलं असतं, तर हसलो असतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मी त्या खोलीत पुन्हा वाचलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई नवरा असून एकट्या पडल्या. मूल पदराशी, आसरा नातलगांचा. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. ही कथा सांगणारे बहुतेक जण टिळकांचा धीर सांगतात, शेवटी बाई कशा आल्या ते सांगतात. मला वाटतं, ती मधली वर्षं बाईंची स्वतःची आहेत. टिळकांच्या युक्तिवादाने जे हललं नाही, ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने हललं: जाती देवाने केल्या की माणसाने? हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि उत्तर मिळाल्यावर सोवळं सोडलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतकं सोसलेली बाई पुढे त्या दिवसांबद्दल लिहिताना वाचकाला हसवते, हे मला अजून कोडंच आहे.

शेजारच्याच दौंड तालुक्यात केडगाव आहे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंना ऐकू कमी यायचं. इंग्लंडात वैद्यकी शिकायचा बेत त्यापायीच सोडावा लागला. केडगावात भोवती शेकडो बायका-मुली, रांधणं, शेत, छापखाना. आणि या गजबजाटात, मंद होत गेलेल्या कानांनी, ही बाई वर्षानुवर्षं हिब्रू आणि ग्रीक शब्द उलगडत मराठी बायबल करत बसली. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलात, ५ तारखेला, रमाबाई गेल्या. त्यांचं पूर्ण बायबल १९२४ साली निघालं. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे असलंच तर या कमी ऐकू येणाऱ्या बाईकडे असावं, असं मला वाटून गेलं.

एका रविवारी एसटी चुकली म्हणून पळसदेवकडे गेलो. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेकाठचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं. चिखल वाळून भेगाळलेला, लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी. दगडांवर गाळाची रेघ होती, पण कोरीव काम शाबूत. वर्षातले बरेच महिने या दगडांवरून मासे जातात. मी सावलीला बसलो. किती वेळ गेला कळलं नाही, आणि परतताना उमगलं की आज डोक्यात कुणाशी भांडलो नाही. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडलो.

शुभ शुक्रवारी पहाटेच बारामतीला निघालो. फाट्यालगतच्या रानात मावशींचा थोरला खोडव्याचे, म्हणजे तुटलेल्या उसातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचे, बुडखे छाटत होता, कोयत्याने, अगदी जमिनीलगत. आधीच तुटलेला ऊस आणखी कशाला कापायचा, म्हणून मी विचारलं.

“वर ठेवला तर वरच्या डोळ्यातनंच फुटतो, गुरुजी. त्यो कोंब कच्चा. मातीतनं आलेला पायजे.”

पलीकडच्या छाटून झालेल्या सऱ्यांना त्याने पाणी सोडलं होतं. एसटीला उशीर होता. मी बांधावर उभा राहून पाणी कुठवर पोचतंय ते बघत राहिलो.